ज्याची बारी, त्याचा खर्च

आई आमच्याकडे असली की जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायची. पोरांना वाटायचं, आजी रुसली आहे. बायकोला वाटायचं, सासूला आपल्या हातचं गोड लागत नाही. मला खरं कारण माहीत होतं. भाकरीचा घास उजव्या बाजूला सरकला की तिच्या गालातून कळ निघायची, आणि त्या वेळचा तिचा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून ती पाठ करून बसायची. दुधात कुस्करलेली भाकरी डाव्या बाजूनं गिळता गिळता मधेच तिचा हात ताटाच्या वर, हवेत थांबायचा. तो हात थांबला की मी मान खाली घालून जेवत राहायचो.

आई जाऊन आता दुसरी दिवाळी येईल.

आम्ही दोघे भाऊ. थोरला बिडकीनजवळ आमच्या गावी राहतो. मी वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर लागलो, पुढे सुपरवायझर झालो आणि बजाजनगरात राहिलो. वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी औद्योगिक वसाहतीसाठी आमची बरीचशी जमीन गेली आणि मोबदला आला. त्यात आईचाही हिस्सा होता. तो तिनं आम्हाला सोडला. रजिस्ट्रीच्या कचेरीत अंगठा दिला आणि शाई लुगड्याच्या आतल्या बाजूला पुसत म्हणाली, ''पोरं काय परकी हायेत का?'' तिचे पैसे आमच्या दोघांत निम्मे-निम्मे आले. भावानं गावात स्लॅबचं घर बांधलं, ट्रॅक्टर घेतला. मी बजाजनगरात छोटं रो-हाऊस घेतलं.

राहिलेल्या तुकड्यात एक विहीर होती, ती दोघांत सामाईक. माझा वाटा मी एका ओळखीच्या माणसाला निम्म्या पिकावर, बटईनं कसायला दिला होता. पाण्याला बारी लावलेली होती, एक आठवडा भावाचा, एक आठवडा माझा. ज्याच्या बारीत मोटार जळेल त्यानं स्वतःच्या खर्चानं ती दुरुस्त करून, वाइंडिंग भरून आणायची, हा गावाकडचा कायदा. या कायद्याची दुसरी बाजूही गावाला ठाऊक असते. मोटारीचा आवाज बिघडला की जो तो आपली बारी कशीबशी ओढून काढतो आणि तिला जळू देतो दुसऱ्याच्या बारीत. यात कुणाला पाप वाटत नाही. पारावर त्याचे किस्से सांगून लोक हसतात.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला आईचं कसं करायचं हा विषय निघाला. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने भावाकडे, हे लगेच ठरलं. दिवाळीला ती माझ्याकडे यायची आणि अक्षय तृतीयेला गावी जायची. प्रश्न उरला दवाखान्याचा. तो मामानं सोडवला. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, चार माणसांत ज्याचा शब्द चालतो असा.

''विहिरीला जो कायदा तोच इथं लावा. ज्याची बारी, त्याचा खर्च. पुन्हा भांडण नको.''

आई तिथंच तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, ''लावा बाबा. माझी काय मोटार जळायचीय?''

सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा तिला काहीच होत नव्हतं.

दुखणं सुरू झालं ते पहिल्यांदा भावाच्या बारीत. दाताची कीड समजून त्यानं बिडकीनला दाढ काढून आणली. कळ गेली नाही, म्हणून शेजारची काढली. दिवाळीला ती माझ्याकडे आली तेव्हा मीही बजाजनगरातल्या दातांच्या दवाखान्यात नेलं, आणि मीही दाढच काढून आणली. आमच्या बाऱ्या अशा पालटत गेल्या आणि तिच्या उजव्या बाजूला एकही दाढ उरली नाही. दाढ काढणं स्वस्त होतं. ज्याच्या त्याच्या सहा महिन्यांपुरतं काहीतरी केल्याचं समाधान मिळायचं. एका उन्हाळ्यात भावानं कुणाकडून तरी गालावर बिब्ब्याचा डाग देऊन आणला. तो काळा डाग घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा मी फोनवर भावाला वाटेल ते बोललो. तो म्हणाला, ''मग तुझ्या बारीत ने की मोठ्या डाक्टरकडं. कंपनीत हायेस ना तू?''

त्या रागात मी तिला जालना रोडवरच्या नसांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटाच्या टोकानं तिच्या गालाला जेमतेम स्पर्श केला. ती खुर्चीतून उडाली. ''हे दाढांचं नव्हतंच कधी,'' ते म्हणाले. ''चेहऱ्याची नस आहे ही. वारा लागला, तोंड धुतलं, घास चावला, तरी विजेचा झटका बसावा तसं होतं.'' त्यांनी गोळ्या दिल्या. पहिल्या आठवड्यातच आई समोर बघून जेवली आणि चक्क मिशेरी मागितली. ती तिनं कधीचीच सोडली होती, हिरडीला बोट लावण्याची सोय नव्हती म्हणून.

पण गोळ्या रोजच्या होत्या, आणि पुरेनाशा झाल्या की वाढवाव्या लागत. वाढवल्या की तिला चक्कर यायची, जिभेवर शब्द अडखळायचे. मग रक्ततपासणी, कारण त्या गोळ्यांनी अंगातलं मीठ कमी होतं. शिवाय रिक्षा, डॉक्टरांची फी आणि माझी रजा. सरकारी दवाखान्यात नंबर लागला असता, पण तिथं बरोबर माणूस लागतो, आणि रजा पडली की हजेरीचा बोनस बुडायचा. कुठलाच खर्च एकदम अंगावर येणारा नव्हता. जिवावर यायचं ते हे सगळं दर महिन्याला येतं म्हणून. बायको कधी बोलून दाखवायची नाही, पण गोळ्यांची पट्टी संपली की ती रिकामी पट्टी माझ्या डब्याशेजारी ठेवायची.

कंपनीत आमचा विमा होता. बायको-पोरं त्यात आपोआप होती. आई-वडील घालायचे तर पगारातून वेगळा हप्ता कापून घ्यावा लागे. मी आईला घातलं नाही. आई माझ्याकडे सहाच महिने. अर्ध्या वर्षाच्या आईसाठी अख्ख्या वर्षाचा हप्ता कशाला, असं माझं गणित होतं. ते मी ऑफिसात बोलूनही दाखवलं आणि शेजारच्या टेबलावरचे हसले. आज ते वाक्य आठवलं की मला ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं असं वाटतं. पण ते माझंच आहे.

अशीच तीन-चार वर्षं गेली. एका हिवाळ्यात गोळ्या वाढवूनही भागेना. डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला. रिपोर्ट घेऊन मी एकटाच आत गेलो. आई बाहेर चपलांच्या मांडणीजवळ बसली होती, कारण पंख्याचा वारा फक्त त्या कोपऱ्यात येत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, ''आता ऑपरेशन करून घ्या. एक रक्तवाहिनी त्या नसेवर टेकली आहे, ती बाजूला करायची. त्यांचं वय अजून झेपण्यासारखं आहे.''

त्यांनी खर्च सांगितला. माझ्या घरावर त्या दिवसांत वरचा मजला चढत होता. तीन खोल्या काढून कंपनीतल्या पोरांना भाड्यानं द्यायच्या होत्या. आमच्या गल्लीत सगळ्यांनी तेच केलं होतं. सेंट्रिंग ठोकून झालं होतं, लोखंड बांधून झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा आणि माझ्या स्लॅबचा आकडा जवळजवळ सारखाच होता.

''जिवाला धोका आहे का, साहेब?''

''यानं जीव जात नाही.''

''मग थोडं थांबलं तर चालेल?''

त्यांनी पेन खाली ठेवलं. ''थांबता येईल. पण थांबणार कोण? तुम्ही, की त्या?''

मी बाहेर आलो. आईनं स्कार्फ घट्ट बांधला, वर पदर गुंडाळला आणि गाडीवर मागं बसली. क्रांती चौकाच्या सिग्नलला तिनं विचारलं, ''काय म्हणले रं?''

''गोळी थोडी वाढवा म्हणले.''

''आन् ते येवढं मोठं मशिन? त्यात काय दिसलं?''

''काय नाय माय. नस सुजलीय जराशी.''

''मग बरं,'' ती म्हणाली. ''मला वाटलं, लई काही निघतं का काय.''

हिरवा सिग्नल लागला. वाळूजपर्यंत माझ्या पाठीला तिचं कपाळ टेकलेलं होतं. वारा चुकवायला ती तसं बसायची.

स्लॅब टाकला त्या दिवशी नारळ तिच्याच हातानं फोडला. तिनं मजुरांना गूळ वाटला, मिक्सरच्या त्या गदारोळात तोंडाला पदर लावून उभी राहिली आणि सगळ्यांना सांगत होती, ''पोरानं माडी चढवली.'' नंतरचे दिवस स्लॅबला पाणी मारायचं काम तिनं आपणहून घेतलं. मी नको म्हणालो, तर म्हणाली, ''बसून तरी काय करू? तेवढाच हातभार.'' सकाळी मी कामावर निघायचो तेव्हा ती वर, उघड्या वाऱ्यात, पाइप धरून उभी असायची. एकदा खालून पाहिलं तर पाइप खाली पडला होता, पाणी जिन्यावरून वाहत होतं आणि ती दोन्ही हातांनी गाल दाबून वाकली होती. मी हाक मारली नाही. गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथं जाऊन सुरू केली.

अक्षय तृतीयेला भाऊ तिला न्यायला आला. चहा पिताना त्यानं विचारलं, ''डाक्टर काय म्हणतो?''

''गोळ्या चालू ठेवा म्हणतो.''

ऑपरेशनचं मी बोललो नाही. माझ्या बारीत निघालेलं काम, ते माझ्यावरच आलं असतं. त्याच्या बारीत दुखणं वाढेल, तो कुठल्या तरी डॉक्टरकडे नेईल, तो डॉक्टर हेच सांगेल, आणि मग ते त्याचं होईल, असं मी धरून चाललो होतो. स्पष्टच लिहायचं तर त्या उन्हाळ्यात मी माझ्या आईचं दुखणं वाढायची वाट पाहत होतो. भावाचा फोन आला की आधी माझ्या मनात तेच यायचं.

पण भाऊ दर वेळी सांगायचा, ''माय लई चांगली हाय. इथं आली की खुलती बघ.''

आणि दिवाळीला माझ्याकडे आली की ती मला सांगायची, ''तिकडं रानातलं वारं लई लागतं बाबा. इथं बरं वाटतं.''

यावर मी विश्वास ठेवला. एवढंच नाही, मला त्याचा अभिमान वाटायचा. पाहुण्यांत, कंपनीत, जिथं विषय निघेल तिथं मी सांगायचो की माझ्याकडे आली की आईचं दुखणं अर्ध्यावर येतं. माझी बायको करते तसं वहिनी करत नसेल, असा त्याचा अर्थ निघायचा, आणि तो निघू द्यायला मला आवडायचं. ऑपरेशनची गोष्ट त्यामुळे मनात खाली खाली बसत गेली. बरं वाटतंय तर कशाला, असं मी स्वतःशी म्हणायचो. भिंतीकडे तोंड करून ती अजूनही जेवत होती. त्याची मला सवय झाली होती.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मामाच्या नातीचं लग्न निघालं. मी आईला घेऊन गेलो. भाऊ, वहिनी तिथंच होते. पंगती उठल्यावर मांडवात सतरंजीवर मामा पान लावत बसला होता. त्यानं आईला विचारलं, ''काय बाई, गाल काय म्हणतो?''

आईच्या आधी मीच बोललो. ''आता लई फरक हाय मामा. माझ्याकडं आली की दुखणं निम्मं व्हतं तिचं.''

''अरे जाय!'' भाऊ म्हणाला. ''माझ्याकडं तर गोळी घ्यायची पण इसरती. विचार तुझ्या वहिनीला.''

''व्हय भाऊजी,'' वहिनी म्हणाली. ''मला म्हणतात, तिकडं कंपनीच्या धुरानं लई दुखायचं, हितं कसं मोकळं वाटतं.''

मामानं पानाला चुना लावता लावता एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. ''ह्याच्याकडं बरी, त्याच्याकडं बरी. मग दुखतं कुठं हिचं? यष्टीत?''

अख्खा मांडव हसला. आईही हसली. हसताना गाल ताणला गेला आणि तिचा हात झटकन तिथं गेला, पण ती हसत राहिली. मी भावाकडे बघितलं नाही. त्यानंही माझ्याकडे बघितलं नसावं.

अक्षय तृतीयेला अजून काही दिवस होते, म्हणून ती माझ्याबरोबर परत निघाली. गाडी मी आणली नव्हती. बिडकीनला एसटीत चढलो. गर्दी होती. मागे खिडकी सोडून एक जागा मिळाली, तिथं ती बसली. मी शेजारी उभा राहिलो तर म्हणाली, ''तू जाय पुढं. कंडक्टरजवळ जागा हाय बघ.''

''राहू दे, इथंच थांबतो.''

''जाय म्हणते ना. मला बरंय इथं.''

मी पुढे जाऊन बसलो. गाडी पैठण रोडला लागली आणि मागून आवाज यायला लागला. आधी मला ते कुणाचं तरी लहान मूल वाटलं. वळून पाहिलं तर आईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि कपाळ पुढच्या सीटच्या दांड्यावर हळूहळू आपटत होती. शेजारची बाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. पदरातून तिचे शब्द फुटत होते. ती दुखण्याशी बोलत होती, जसं हट्टी लेकराशी बोलावं तसं. ''सोड रं आता. सोड बाबा. घर यायला लागलं.''

मी उठलो नाही. मामाचा विनोद मांडवातून उठून आमच्या मागोमाग गाडीत येऊन बसला होता. तिला रडायला या रस्त्याएवढीच जागा आम्ही दोघांनी ठेवली होती, ना माझ्या बारीतली, ना त्याच्या.

शहराच्या तोंडाशी नक्षत्रवाडी मागे गेली तशी तिनं पदर सारखा केला, डोळे पुसले, केस मागं घेतले. स्टेशनला उतरलो तेव्हा म्हणाली, ''गर्दी लई व्हती आज.''

त्या संध्याकाळी मी भावाला फोन केला. ऑपरेशन करू म्हणालो, निम्मे निम्मे घालू. तो म्हणाला, ''बारी कुणाची?'' आणि लगेच, माझ्या उत्तराआधी, ''जाऊ दे ते. करू.'' मांडवातलं हसू त्यालाही लागलं होतं.

आईला सांगितलं तेव्हा तिनं भीती दाखवली नाही, आनंदही नाही. तिनं विचारलं, ''मग निजायचं कुणाकडं? ते दिवस कुणाच्या बारीत धरायचे?'' ती चेष्टा करत नव्हती.

आम्ही तिघे त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुन्हा तपासण्या केल्या, हृदयाचीही केली. मग आम्हाला समोर बसवलं. मधल्या काळात तिचं हृदय कमजोर झालं होतं, एवढी मोठी भूल द्यायला ते तयार नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ''तुम्हाला मी मागेच सांगितलं होतं ना ऑपरेशनचं? तेव्हा का नाही आलात?''

भावाची मान माझ्याकडे वळली. ''मागं कव्हा?''

मी रिपोर्टच्या पाकिटाची कड सरळ करत बसलो. डॉक्टर वाट बघत होते. आई मधल्या खुर्चीत, गालाला पदर लावून बसली होती. ऑपरेशनचं मागेच सांगितलं होतं हे तीही पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

''मीच नको म्हणले व्हते, साहेब,'' ती म्हणाली.

''तुम्ही?''

''भ्याले व्हते. डोकं उघडणार म्हणल्यावर भ्याले. ह्यो लई म्हणत व्हता, कर, कर. मीच ऐकलं नाय.''

भाऊ तिच्यावर भडकला. डॉक्टरांसमोरच. ''कामून गं माय? कामून नको म्हणलीस? एवढे दिवस जीव खाल्लास सगळ्यांचा. आन् मला एका शब्दानं सांगितलं नाय!''

''चुकलं बाबा,'' ती म्हणाली.

माझ्या वाट्याची बोलणी ती खात होती आणि मी शेजारी बसून होतो. एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोललो नाही. भावाचं बोलून संपलं, डॉक्टरांनी दुसऱ्या उपायाचं सांगायला सुरुवात केली, आणि ती वेळ निघून गेली.

दुसरा उपाय म्हणजे गालातून सुई घालून ती नसच मारायची. कळ थांबेल, पण तेवढा चेहरा बधिर होईल, हे त्यांनी आधीच सांगितलं. केलं. पैसे दोघांनी निम्मे घातले. ऑपरेशनपेक्षा हे बरंच स्वस्त पडलं, आणि ते कळल्यावर मला हलकं वाटलं होतं. तेही इथं लिहून ठेवतो.

कळ थांबली. चेहऱ्याची उजवी बाजू मात्र कायमची बधिर झाली. चहा पिताना ओघळ हनुवटीवर यायचा आणि तिला कळायचं नाही. आम्ही सांगितलं की पुसायची. गालात अन्न साठून राहायचं. माझी धाकटी तिच्या उजव्या गालाचा पापा घ्यायची, तर आजी तिला म्हणायची, ''हिकडून घे, तिकडं मी नाय.'' जेवताना कधी तिचा हात थांबला की मी विचारायचो, ''दुखतं का गं?'' ''नाय,'' ती म्हणायची. आता ते खरं असणार. पण तिचं आधीचं 'नाय' आणि हे 'नाय' माझ्या कानाला सारखंच लागायचं, आणि पुन्हा विचारायची सोय उरली नव्हती.

वरच्या खोल्यांत तेव्हा कंपनीतली पोरं राहायला आली होती, आजही आहेत. भाडं वेळेवर देतात. डोक्यावर त्यांची पावलं वाजली की मी पंख्याचा वेग वाढवतो, म्हणजे आवाज कमी येतो.

बाऱ्या आम्ही बंद केल्या. तिला वाटेल तिथं, वाटेल तेवढे दिवस राहा म्हणालो. तरीही ती दिवाळीला यायची आणि अक्षय तृतीयेला पिशवी भरून बसायची.

ती जाण्याच्या काही महिने आधी, घरात आम्ही दोघंच होतो तेव्हा मी विषय काढला. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

''माय, त्या दिवशी डॉक्टरपुढं तू खोटं कामून बोललीस?''

''कव्हा?''

''ऑपरेशनला तूच नको म्हणालीस म्हणून.''

''मग? मीच म्हणले व्हते की.''

''नाही माय. मी तुला सांगितलंच नव्हतं. गाडीवर तू विचारलं, तेव्हा मी...''

''तुला काय आठवतंय?'' तिनं मला मधेच तोडलं. ''चांगलं समजावलं व्हतं तू मला. ह्या हिथंच बसून. ताई-माई करून समजावलं. मी पडले भित्री. आता जुनं कशाला उकरतो? ह्या घे, सोललेल्या हायेत.''

तिनं माझ्या हातात शेंगदाणे ठेवले. ती विसरली होती, की मला सांभाळायला तिनं हे रचून पाठ केलं होतं, ते मला तिच्या तोंडाकडे बघून ओळखता आलं नाही. तो चेहरा लपवायला कधीचाच शिकला होता. मी शेंगदाणे खाल्ले.

भावाच्या घरी, झोपेत, ती गेली. गाल त्याचं कारण नव्हता. दहाव्याला आम्ही पैठणला गेलो. पिंडाला कावळा शिवला, मग घाटाच्या पायऱ्यांवर माणसं बसली आणि कुणीतरी म्हणालं, बाईनं शेवटी शेवटी लई सोसलं. भाऊ डोळे पुसत होता. तो म्हणाला, ''वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर सोसावं लागलं नसतं. ह्या धाकट्यानं किती समजावलं तिला. डाक्टरकडं ह्योच न्यायचा. पर ती ऐकलीच नाय. भ्याली.''

माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मामा थकला आहे आता, त्याला नीट दिसत नाही. तो चाचपडत दोन पायऱ्या खाली उतरला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, ''तू तुझं केलंस रे बाबा.''

मी मान खाली घातली. त्याचा हात बराच वेळ पाठीवर होता, आणि मी तो राहू दिला.